उकिरड्यावरची

कासारीण काही वाईट बोलली नव्हती. राजुरी वेशीच्या आत भिंतीच्या सावलीला बसून ती केराच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. पोरीची बोटं जुळवून, अंगठा आत मुडपून, एकेक बांगडी अशी सरकवायची की दुखायच्या आत ती मनगटात गेलेली असायची. आणि हात चालू असताना तोंड कशाला बंद ठेवायचं म्हणून ती बोलली, "लेक का तुमची, बाई? हनुवटी बगा की. काढून ठिवल्यावानी हाय." आणि मुक्ताबाईच्या तोंडातून, तिला न विचारता, भसकन निघून गेलं, "न्हाई वं. उकिरड्यावरची हाय."

कासारणीला कळलं. ती हसली, चिमूटभर माती उचलून पोरीच्या गालाला फासली आणि म्हणली, खरंच की, असलं ध्यान उकिरड्याबिगर कुठं घावतंय. केराला सुद्धा कळलं. तिनं गाल पुसला नाही, उलट मान ताठ केली, शहाण्या पोरीनं करावी तशी. तिघींत फक्त मुक्ताबाईलाच काय झालं ते कळेना. चैताचं ऊन, भर बाजार, आणि तिला गार वाटायला लागलं, आडात वाकून बघताना वाटतं तसं. मागं यतीमखान्याचा, म्हणजे सरकारी अनाथालयाचा, चपराशी बंकट तंबाखू मळत उभा होता. त्याचा अंगठा तळहातावर मध्येच थांबला. हा माणूस एरवी गाढवाला वाटेतून बाजूला सारताना पण दोन गोष्टी बोलतो, आणि आता गप. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, आणि म्हणला, "चला बाई. कचेरी भरली असंल."

आता हे बोलणं साधंसुधं नव्हतं. ज्या बाईची लेकरं हाती लागत नाहीत, एक गेलं, मागून दुसरं गेलं, ती पुढचं लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवते आणि मागं न बघता घरात येते. मग शेजारची, जिची पोरं धडधाकट आहेत अशी बाई ते उचलते आणि गल्लीभर वरडत येते, कुणाचं गं हे, कुणी टाकलं. आणि आईच दारात उभी राहून म्हणते, मला दे, आणि पसाभर कोंड्यावर आपलंच लेकरू विकत घेते. नाव ठेवायचं केरबा, उकिरडा. पोरगी असली तर केरा. तिथून पुढं ते मोठं होईस्तवर आईनं चारचौघांत त्याला माझं म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर उकिरड्यावरचं. जे कुणी ऐकत असेल, सटवाई म्हणा, आणखी कोण म्हणा, त्यानं ऐकावं आणि म्हणावं, हे कुणाचंच नाही, हे नेऊन कुणाचं काळीज फाटणार, सोडा. पण हे म्हणायचं असतं ते आईनं. आत्या म्हणत नाही, शेजारीण म्हणत नाही. पगार घेऊन सरकारी पोरं सांभाळणारी बाई तर नाहीच नाही. चालता चालता मुक्ताबाईला हे मागून कुणी दगड मारावा तसं लागलं, आणि तिला राग आला. कासारणीचा आला, स्वतःच्या तोंडाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पोरीचा आला, जी दोन्ही हात पुढं धरून बांगड्या बघत चालली होती आणि दर दोन पावलांला ठेचकाळत होती. तिनं पोरीचं मनगट धरून हिसका दिला. खाली बघून चाल. बांगड्या वाजल्या. पोरगी हसली.

खरं तर बांगड्या तिच्यासाठी नव्हत्याच. त्या साहेबासाठी होत्या. मोहतमीमनं, म्हणजे यतीमखान्याच्या मुख्यानं, काल बजावलं होतं की तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या, समोर पोरगी भरलेली दिसली पाहिजे, अंगावर धड कपडा पाहिजे, हातात काही पाहिजे. कारण आज केराची आई येणार होती. चकलांब्याची तुळजा. गावच्या पाटलाकडून अर्ज लिहून घेऊन ती आलती, की माझी पोर यतीमखान्यात आहे, ती मला परत मिळावी. आणि यतीमखान्यात तर फक्त लावारिस पोरं असतात, ज्यांचं जगात कुणी नाही अशी. मग या पोरीला आई कुठून आली? साहेब हेच विचारणार होता. मुक्ताबाईला विचारणार होता, कारण चकलांब्याहून पोरगी उचलून आणली ती मुक्ताबाईनं.

तेव्हा मानमोडी होती. ती साथ ज्यांनी बघितली त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. माणसं ज्वारी काढता काढता वावरात बसायची आणि उठायचीच नाहीत. सरकारनं बीडात जुन्या सराईत यतीमखाना काढला, आणि मुक्ताबाईला, केजची विधवा, नवरा प्लेगात गेलेली, हातपाय बळकट, तिला बैलांची बंडी आणि बंकट देऊन गावोगाव धाडलं, की बेवारस पोरं गोळा करा. बेवारसच. हुकूम पक्का होता. आई जिती असेल तर पोर घ्यायचं नाही, नाहीतर सगळा मुलूख पोरं आणून टाकील. पहिल्याच खेपेला पाटोद्याच्या बाजूला तिनं दोन पोरं सोडून दिली होती, कारण त्यांच्या शेजारी त्यांची आई बसलेली होती. बसलेली म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली. डोळे उघडे, अंगावर माश्या, पण श्वास चालू. बंकट म्हणला, जिती हाय, चला. परत येताना त्याच वाटेनं आले तर आई तशीच जिती होती, आणि पोरं नव्हती. मुक्ताबाई त्या बाईकडं बघत राहिली, आणि तिला दया नाही आली, संताप आला. नुसती जिती राहून हिनं दोन पोरं मारली. मेली असती तर पोरांना आंबील मिळाली असती. असा विचार करणारी आपण कोण, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. बंडी हलत होती, तिला झोप येत होती.

म्हणून चकलांब्यात तिनं ते केलं. गावाच्या कडेचं घर, दार अर्धं उघडं, आत अंधार आणि आंबट वास. तुळजा जमिनीवर पडलेली, नवरा चार दिवसांमागं गेलेला, आणि ही पोरगी, पोटाचा नगारा आणि पायाच्या काड्या, चुलीपाशी बसून तरवट्याचा कच्चा पाला चावत होती. मुक्ताबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं, हे लेकरू कुणाचं? आणि त्या पडलेल्या बाईनं, जिला पाणी मागायची ताकद नव्हती, सगळा जीव गोळा करून मान उचलली आणि म्हणली, "उकिरड्याचं हाय, बाई. माजं न्हाई." म्हणजे किती माझं आहे बघा. मरायला टेकली तरी लेकराभोवतीचं कुंपण सोडलं नाही तिनं. मुक्ताबाईला ते त्याच क्षणी कळलं. कळलं आणि दुसऱ्या क्षणी ती वळून बंकटला म्हणली, ऐकलं ना रं? तिचं न्हाई म्हणती. लावारिस हाय. बंकटनं तिच्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं, आणि म्हणला, ऐकलं. मग मुक्ताबाई आत गेली, त्या बाईच्या तोंडात पाणी घातलं, आणि तिच्या कानाशी लागून म्हणली, "म्या नेते. दोन घास खाईल. तू बरी झालीस की ये, तुजी तुला दीन." बाईनं तिचा हात धरला. जोर नव्हता त्या हातात, वाळलेलं पान पडावं तसा तो हातावर पडला. तिनं विश्वास ठेवला. दुसरं काय ठेवणार, घरात दुसरं काही नव्हतंच ठेवायला.

हे चांगलं झालं का वाईट, यावर मुक्ताबाईनं पुष्कळ दिवस विचारच केला नाही, कारण पोरगी जगली. सराईत आणलेली किती तरी पोरं आंबील पोटात जाऊन पण मेली, गोवरानं मेली, हगवणीनं मेली, काही नुसतीच मेली, भिंतीकडं तोंड करून. केरा जगली. ती खायला लागली, मग भांडायला लागली, मग दुसऱ्या पोरांच्या ताटलीत हात घालायला लागली. थंडीत ती मुक्ताबाईच्या गोधडीत शिरायची, गार पाय तिच्या पोटऱ्यांत खुपसायची. मुक्ताबाई रागवायची, ढकलायची, आणि झोप लागली की पोरगी परत तिथंच. झोपेत त्या पोरीच्या केसांचा वास यायचा, धुराचा आणि गोड तेलाचा, आणि मुक्ताबाईला आपला नारायण आठवायचा. नारायणला तिनं उकिरड्यावर नव्हतं ठेवलं. कशाला ठेवायचं? पहिलंच लेकरू, गोरं, गुबगुबीत. ती त्याला कडेवर घेऊन आडावर जायची आणि बायकांच्या तोंडासमोर धरायची, बगा माजा, बगा कसा हसतोय माजा. दात यायच्या दिवसात तो तापला आणि गेला. सासू रडली नाही. सुतकाचे दिवस झाल्यावर भाकरी थापता थापता, अगदी हळू, मीठ किती घालू विचारावं तशा आवाजात म्हणली, "माजा माजा म्हणून तूच खाल्लास." ते वाक्य मुक्ताबाईच्या अंगात इतकी वर्षं होतं. ते कधी बोललं नाही, कधी दुखलं पण नाही. मोडलेला काटा असतो तळव्यात, त्यावरून माणूस चालतो, पळतो. आणि आज कासारणीनं हनुवटी म्हणल्याबरोबर तो काटा बोलला.

म्हणजे आपण घाबरलो. म्हणजे ही आपल्याला आपली वाटायला लागली. असा हिशेब लागल्यावर मुक्ताबाईला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. कारण तिला शिमग्याचा दिवस आठवला. शिमग्याच्या आसपास तुळजा एकदा सराईच्या फाटकाशी आलती. हाडं नुसती, पण पायावर उभी. तेव्हाच पोरगी देता आली असती, फाटक उघडून, कुणाला न विचारता, एक पोर मेलं म्हणून सांगितलं असतं तर कुणी मोजायला आलं नसतं. पण मुक्ताबाई म्हणली, तिला गोवर आलाय, तुला बघून आणखी वाढंल, जा, नंतर ये. केरा तेव्हा आत लिंबाच्या फांदीला लोंबकळत होती. तुळजा ऐकून तशीच फिरली. गोवर म्हणल्यावर कुठली आई फाटक ठोकील? जाताना तिनं फडक्यात बांधलेले हुलग्याचे दोन मूठ दाणे फाटकाच्या फटीतून आत सरकवले. मुक्ताबाईनं ते शिजवले आणि पोरीला घातले. कुणी दिले ते सांगितलं नाही.

"बाई," बंकट मागून म्हणला. आता बोलायला लागला होता. "एक डोक्यात घ्या. ती जिती ऱ्हाईल असं आपल्याला तवा ठावं हुतं का? न्हवतं. म्हंजे त्या दिशी ती मेल्यालीच हुती. आता मागनं कुणी जितं झालं तर त्यात आपला काय कसूर?" मुक्ताबाई म्हणली, गप बस. तो चार पावलं चालला आणि परत म्हणला, "सायबानं मला इचारलं तर मी बहिरा. ल्हानपणी कानात पाणी गेलतं." मग जरा जवळ येऊन, हसणं सोडून म्हणला की एवढी एक गेली तर गेली, पण कशी गेली ते बाहेर पडलं तर बाकीच्यांचं काय. आणि हे मात्र त्यानं बरोबर जागी ठेवलं. कारण केरा एकटी नव्हती. चकलांब्यानंतर मुक्ताबाईला रस्ता सापडला होता. ज्या ज्या घरात आई जिती आणि पोरगं मरायला टेकलेलं, तिथं ती तसंच विचारायची, आणि नेमकं तसंच उत्तर आलं की बंकटला म्हणायची, ऐकलं ना रं? सगळ्यांनी नाही दिलं ते उत्तर. ज्यांनी दिलं त्यांची पोरं आज सराईत होती. साहेबाला एकदा कळलं की या मुलखात माझं नाही म्हणजे माझंच आहे, तर सगळी लावारिस पोरं एका दिवसात वारसवाली होतील, यतीमखान्याचं दार उघडेल, आणि अर्धी पोरं त्याच दारातून मरायला बाहेर जातील. हे खरं होतं. पूर्ण खरं होतं, आणि म्हणून मुक्ताबाईनं ते अंगाभोवती गुंडाळून घेतलं, पोळणाऱ्या उन्हात पण.

कचेरीच्या ओसरीत तुळजा बसली होती. अंग भरलं होतं थोडं. घरापासून दोन वावरं पलीकडं कुणाचं तरी शेत वाट्यानं करते म्हणे, दिराकडं राहते, घरात ज्वारी आहे. मुक्ताबाईनं आधीच चौकशी केली होती, मनात एक आशा ठेवून, की दीर मारका असेल, भाकर पुरत नसेल, काहीतरी असेल. काही नव्हतं. पोरीला न्यायला नवं परकर-पोलकं शिवून आणलं होतं तिनं, मांडीवर ठेवलं होतं. मुक्ताबाईला बघून ती उठली, वाकून पाया पडली. "अक्का, तुमी जगवली," ती म्हणली. एवढंच. आणि पोरीकडं तिनं बघितलं नाही. नजर पण टाकली नाही, ओसरीच्या खांबाकडं बघत राहिली. इतक्या लोकांत बघायचं नसतं. आणि केरा? पाच-सहा वर्षांची पोरगी, इतक्या महिन्यांनी आई दिसलेली, तिनं सुद्धा तोंड फिरवलं आणि कचेरीच्या घंटेकडं बघायला लागली. पण मुक्ताबाईची नजर बारीक होती. तिला दिसलं की पोरीचे गाल आतून ओढले गेलेत, हसू दाबून धरलंय, आणि ती एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासतेय. खांबाकडं बघणाऱ्या बाईच्या पायाचा अंगठा पण तसाच हलत होता. त्या दोघी बोलत होत्या. सगळ्यांच्या देखत, मध्ये चार हात अंतर ठेवून, बोलत होत्या, आणि पोरीचं मनगट मुक्ताबाईच्या हातात असून सुद्धा मुक्ताबाई त्यात कुठंच नव्हती. तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. एक बांगडी पिचली.

तालुकदारसाहेब हैदराबादचा. भला माणूस. हे सांगायला पाहिजे, कारण वाईट माणसानं वाईट केलं की गोष्ट तिथंच संपते. त्याला स्वतःच्या तीन मुली होत्या, आणि सराईत तो यायचा तेव्हा शेरवानीच्या खिशातून पोरांना मिसरी, म्हणजे खडीसाखर, द्यायचा. मराठी त्याला तुटकी यायची, म्हणून बंकटला मध्ये उभा केला, सांगायला. साहेबानं अर्ज वाचून घेतला, मुक्ताबाईकडून ऐकून घेतलं की चकलांब्यात हीच बाई माझं नाही म्हणली होती, आणि तुळजाला विचारलं, ही मुलगी कुणाची? तुळजा म्हणली, अर्जात लिवलंय, सरकार. साहेब म्हणला, अर्ज पाटलानं लिहिला, तू सांग. तुळजा म्हणली, तुमीच म्हणा, मी मान हलवते. साहेबाला वाटलं बाई लाजतेय. मग वाटलं खोटं बोलायला भितेय. त्यानं आवाज चढवला नाही, फक्त म्हणला, "अपने मुँह से बोल. बच्ची किसकी है?"

तुळजानं पोरीला ओढून आपल्या पोटाशी पाठमोरी उभी केली, आणि दोन्ही तळहातांनी तिचे दोन्ही कान गच्च झाकले. इतके गच्च की पोरीचे डोळे ताणले गेले. मग तिनं तोंड वर केलं, आढ्याकडं, आणि पुटपुटली. साहेब म्हणला, ऐकू आलं नाही, जोरात. "माजी हाय," ती म्हणली. "माज्या पोटची हाय." आणि बोलून झाल्यावर ती तशीच वर बघत राहिली, आता छत अंगावर येईल अशी. मुक्ताबाईला आड दिसला, आडावरच्या बायका दिसल्या, कडेवरचं हसणारं लेकरू दिसलं. या बाईनं ते केलं जे करायला काळीज उपटून हातात घ्यावं लागतं, आणि ते खोलीत दोघांनाच कळलं, एक मुक्ताबाईला आणि एक बंकटला. बंकट जमिनीकडं बघत होता.

कान का झाकले, साहेबानं विचारलं. बंकट म्हणला, क्या मालूम, साहब. साहेब खुर्चीवरून उठला, केरासमोर उकिडवा बसला, मिसरीचा खडा तिच्या हातावर ठेवला, आणि आपल्या तुटक्या मराठीत, लई मायेनं म्हणला, "बेटा, तू कोनाची?"

केरानं काहीच ऐकलं नव्हतं. आई बोलली तेव्हा कान झाकलेले होते, आणि साहेब खाली बसल्यावर कुठं आईचे हात निघाले. तिला एवढंच कळलं की घराबाहेरचा माणूस विचारतोय, आणि याचं उत्तर तिला पाठ आहे, बोलायला शिकली तेव्हापासून पाठ आहे, आणि ज्या बाईनं ते शिकवलं ती मागंच उभी आहे, ऐकायला. तिनं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणली, "उकिरड्यावरची हाय."

"बोलती, कचरे पर की हूँ," बंकट म्हणला. शब्दाला शब्द. त्यात त्याची चूक दाखवता आली नसती.

साहेबाचा चेहरा बदलला. असं तुला कोण म्हणलं, त्यानं विचारलं. केराला हा प्रश्न आणखी सोपा वाटला. तिनं मागं बोट केलं. "हिनं." आई म्हणली नाही. लोकांत आई म्हणायचं नसतं, ते पण तिला पाठ होतं.

साहेब हळूच उठला. बराच वेळ तो तुळजाकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग कमी आणि किळस जास्त होती. आधी म्हणली माझं नाही. आता पोरगी धडधाकट झाली, कामाला येईल एवढी झाली, तर माझी. आणि या एवढ्याशा जिवाला शिकवलं काय, तर तू कचरा आहेस. हे सगळं तो बोलला नाही, थोडंच बोलला, पण मुक्ताबाईला सगळं ऐकू आलं. तुळजाला त्यातलं काही कळलं नाही. तिला फक्त दिसलं की काहीतरी निसटतंय. ती मुक्ताबाईकडं वळली. "अक्का, सांगा की वं सायबाला," ती म्हणली. विनवणी पण नव्हती त्यात. एका बाईनं दुसरीला म्हणावं, तेवढी घागर धरा जरा, तसं.

आणि साहेबानं खरंच विचारलं. न्यायी माणूस होता तो. म्हणला, बाई, तुम्ही इथल्याच. तुम्हा लोकांत असा काही रिवाज आहे का?

मुक्ताबाईला वेळ होता. कुणी घाई केली नाही. बाहेर कुणाचा तरी घोडा खूर आपटत होता. तिच्या मनात सराईतली बाकीची पोरं आली, ओळीनं बसलेली, आणि तिला बरं वाटलं, की मी यांच्यासाठी बोलतेय. मग तिनं स्वतःला त्या पोरांची नावं विचारली, आणि तिला एक पण आठवेना. फक्त रात्री पोटऱ्यांत शिरणारे गार पाय आठवले. म्हणजे कारण हे होतं. बाकी सगळं अंगावर घ्यायची चादर होती. आता कारण कळल्यावर तरी माणसानं वळावं, पण तसं होत नाही. कारण कळलं की उलट हात घट्ट होतो. तिनं पदर नीट केला. "माज्या म्हाइतीत न्हाई, सरकार," ती म्हणली.

साहेबानं हुकूम दिला की मुलगी यतीमखान्यातच राहील, मुक्ताबाईच्या देखरेखीत, आणि ही बाई फाटकाशी दिसली तर हाकलून द्यावी, पोरीच्या भल्यासाठी. बंकटनं ते तुळजाला सांगितलं, निम्मं गिळून. ती ओसरीत आली तोवर तिला उमगत गेलं असावं, कारण ती खांबाला धरून खाली बसली. केरा मुक्ताबाईच्या हातातून निसटली, तिच्यापाशी पळत गेली, आणि आता आजूबाजूला फारसं कुणी नाही बघून, हळूच, तोंडात मिसरी घोळवत म्हणली, "बरुबर म्हणले ना मी?"

तुळजानं तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं, वरून खालपर्यंत. "लई बरुबर म्हणलीस," ती म्हणली.

मुक्ताबाई शिव्यांसाठी तयार होती. छाती पुढं काढून, दात आवळून तयार होती. शिव्या आल्या असत्या तर तिनं दुप्पट दिल्या असत्या, आणि त्या भांडणात काहीतरी फिटलं असतं. पण तुळजानं मांडीवरचं परकर-पोलकं उचलून तिच्या हातात दिलं, आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलली. "मीच म्हणले, अक्का. तोंडानं म्हणले, माजी हाय. म्हणले आन् बगा, गेली." दोष तिनं स्वतःकडं ठेवून घेतला होता, सगळाच्या सगळा, मुक्ताबाईसाठी चिमूटभर पण उरला नव्हता. आणि मुक्ताबाईला, कचेरीच्या पायरीवर उभी राहून, कपडे छातीशी धरून, सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, ती पण आली असेल मागाहून. पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

परत जाताना बंकट लांबून चालत होता, ओळख नसल्यासारखा. केरा रडत नव्हती. तिच्या मनानं सगळं ठीक चाललं होतं, विचारलं तेव्हा तिनं बरोबर सांगितलं होतं, शाबासकी पण मिळाली होती, आता फक्त हे सगळं संपायची वाट बघायची. नदीपर्यंत ती उड्या मारत आली. तिथं वाळूत थांबून मागं बघितलं, कचेरीकडं, आणि मग मुक्ताबाईच्या हाताला लोंबकळत म्हणली, "मावशे, अजून किती दिस म्हणायचं असं?"

"मोठी होईस्तवर," मुक्ताबाई म्हणली, आणि तिला पाण्यातून पलीकडं नेण्यासाठी कडेवर घेतलं.